म्हाडाचं घर आणि कोल्हापूरचा घरफाळा: करमाफी कुणाला, किती आणि मागायची कुठं

"म्हाडा सरकारी हाय नव्हं, मग सरकारी घराला घरफाळा कशाला?" महापालिकेची बिलं वाटायला सुरुवात झाली की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. त्याचा जुळा भाऊ म्हणजे "मुंबईत पाचशे फुटाला माफ आहे म्हणे, आपल्याकडं का नाही?" दोन्हीचं उत्तर आधी देतो आणि मग सविस्तर सांगतो. घरफाळा, म्हणजे महापालिकेचा मालमत्ता कर, भरायचा. म्हाडाला जी काही करमाफी मिळते ती म्हाडाच्या स्वतःच्या उत्पन्नाला, ती तुमच्या दारापर्यंत चालत येत नाही. आणि तुम्हाला ज्या सवलती मिळू शकतात त्या म्हाडाचा क्लार्क तुम्हाला सांगणार नाही, कारण ते त्याचं कामच नाही. जीएसटी एका खात्याकडं, मुद्रांक दुसऱ्याकडं, घरफाळा महापालिकेकडं, आयकर दिल्लीच्या कायद्यानं, आणि सगळीकडं वेगळा कागद लागतो.

मी लोकांची रिटर्न भरतो, त्यात म्हाडाच्या वसाहतीतले, आवास योजनेतले, सोसायटीचे सेक्रेटरी असे सगळे असतात, त्यामुळं खाली जे लिहिलंय ते त्यांच्या प्रश्नांच्या क्रमानं लिहिलंय, पुस्तकाच्या क्रमानं नाही.

म्हाडा म्हणजे सरकार का?

नाही. आणि सगळा घोळ इथनंच सुरू होतो. म्हाडा हे १९७६ च्या महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास कायद्यानं तयार झालेलं प्राधिकरण आहे, डिसेंबर १९७७ पासून ते काम करतंय, कोल्हापूर त्याच्या पुणे मंडळात येतं (पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि आपण). मालक राज्य सरकार असलं तरी कायद्याच्या नजरेत म्हाडा ही वेगळी व्यक्ती आहे, स्वतःच्या नावानं जमीन घेते, विकते, कोर्टात जाते.

आता घटनेत दोन कलमं आहेत. २८५ म्हणतं केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्यानं किंवा महापालिकेनं कर लावायचा नाही, म्हणून रेल्वे स्टेशन आणि पोस्टाच्या इमारतींना मालमत्ता कर बसत नाही, सेवा शुल्क तेवढं घेतात. २८९ म्हणतं राज्याच्या मालमत्तेवर आणि उत्पन्नावर केंद्रानं कर लावायचा नाही. म्हाडासारख्या संस्थांना वाटायचं आपण २८९ मध्ये बसतो. २००६ मध्ये झारखंडच्या आदित्यपूर औद्योगिक क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की बाबा तू वेगळी संस्था आहेस, तुझं उत्पन्न हे राज्याचं उत्पन्न नाही, त्यामुळं २८९ ची ढाल तुला नाही. विषय संपला.

मग या संस्थांना आयकर माफ कसा होतो? पूर्वी आयकर कायद्यात १०(२०ए) म्हणून कलम होतं, घरं पुरवणं आणि शहर नियोजन करणाऱ्या प्राधिकरणांचं उत्पन्न सरसकट माफ. २००२ च्या वित्त कायद्यानं ते काढून टाकलं, एप्रिल २००३ पासून गेलं. त्यानंतरची वीस वर्षं म्हणजे देशभरच्या प्राधिकरणांची नुसती कोर्टबाजी. कुणी १०(४६) मध्ये अधिसूचना काढून घेतली पण त्यात अट अशी की व्यापारी काम करायचं नाही, आणि फ्लॅट विकणं व्यापार की नाही ह्यावर परत भांडण, कुणी धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी घेतली आणि मग "सार्वजनिक उपयोगिता" ह्या शब्दावर २०२२ मध्ये अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाचा मोठा निकाल आला. शेवटी २०२३ मध्ये सरकारनंच १०(४६ए) हे नवीन कलम घातलं. राज्याच्या किंवा केंद्राच्या कायद्यानं स्थापन झालेली, कंपनी नसलेली, आणि घरांची गरज भागवणं किंवा शहर-गावांचं नियोजन-विकास हा उद्देश असलेली संस्था, केंद्रानं राजपत्रात तिचं नाव अधिसूचित केलं की तिचं उत्पन्न माफ, कर निर्धारण वर्ष (आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर ज्या वर्षी कर ठरतो ते) २०२४-२५ पासून.

ह्यातला "अधिसूचित केलं की" हा तुकडा लई महत्त्वाचा. कायद्यात वर्णन जुळतं म्हणून आपोआप माफी नाही, नाव यायला लागतं. कुठल्याही प्राधिकरणाबद्दल खात्री करायची असेल तर आयकर खात्याच्या साईटवर अधिसूचनांमध्ये त्या संस्थेचं नाव शोधायचं, आणि सापडलं की कुठल्या कर निर्धारण वर्षापासून लागू आहे ते वाचायचं. चहाच्या टपरीवरची माहिती इथं उपयोगी नाही.

बँकेत काम करणाऱ्यांसाठी एक जाता जाता: अशा प्राधिकरणाच्या ठेवीवरच्या व्याजाला टीडीएस (पैसे देतानाच कापून घ्यायचा आयकर) कापायचा का? नोएडा प्राधिकरण आणि कॅनरा बँकेच्या प्रकरणात २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की राज्य कायद्यानं स्थापन झालेलं महामंडळ असेल तर आयकर कायद्याच्या १९४ए कलमाखाली कापायचा नाही. त्याच प्रकरणांच्या गठ्ठ्यात जमिनीच्या भाडेपट्ट्याच्या भाड्यावर मात्र टीडीएस कापायचाच असं ठरलं. म्हणजे तीच संस्था, एका पैशाला सूट आणि दुसऱ्याला नाही. मी म्हणतो ते हेच, माफी संस्थेला चिकटत नाही, त्या त्या कराला आणि त्या त्या व्यवहाराला चिकटते.

सोडतीत नंबर लागला, आता जीएसटी

देकार पत्र, म्हणजे घर देऊ केल्याचं म्हाडाचं पत्र, हातात आलं की पहिली गोष्ट बघायची ती म्हणजे इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला तयार असल्याचा दाखला) आहे का. असेल आणि तुमचे सगळे पैसे त्यानंतर गेले असतील तर जीएसटी शून्य. तयार घर विकणं हे जीएसटीत येतच नाही, मग ते म्हाडाचं असो का खासगी बिल्डरचं. पण बांधकाम चालू असताना हप्ते गेले असतील तर जीएसटी लागतो, आणि भोगवटा येण्याआधी किमतीतला एक हप्ता जरी गेला असला तरी "नंतरचे हप्ते सुटले" असं होत नाही.

दर किती? १ एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घराला १ टक्का, बाकीच्या घरांना ५ टक्के. परवडणारं म्हणजे किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) मुंबई महानगर, दिल्ली अशा महानगरांत ६० चौरस मीटर, बाकी सगळीकडं ९० चौरस मीटर. आपण बाकी सगळीकडंमध्ये येतो! म्हणजे कोल्हापुरात साधारण ९६८ चौरस फुटांपर्यंत कार्पेट चालतं. ऐंशी मीटरचा फ्लॅट आहे आणि कुणी ५ टक्के लावून पावती दिली तर मुंबईचा नियम इथं चिकटवलाय असं समजा आणि लेखी विचारा. तोंडी विचारलं तर "सिस्टीमच तसं घेते" एवढंच उत्तर मिळतं.

आणखी एक गोष्ट जी कुणी सांगत नाही: म्हाडा जेव्हा कंत्राटदाराकडनं बांधून घेते तेव्हा त्या बिलावर १८ टक्के जीएसटी आहे. आधी सरकारी कामांना १२ टक्के होता, सरकारी प्राधिकरणांचा हा कमी दर १ जानेवारी २०२२ पासून काढला आणि खुद्द सरकारी कामांचा त्याच वर्षी जुलैमध्ये. तो पैसा म्हाडाला परत मिळत नाही, तो घराच्या किमतीत येऊन बसतो. म्हणजे "जीएसटी नाही" असं लिहिलेल्या घरातही जीएसटी आहेच, फक्त तुम्हाला दिसत नाही. ह्यावर तुम्ही काही करू शकत नाही, पण माहीत असू दे.

दस्त करताना

मुद्रांक शुल्कात सरकारला सूट आहे, म्हणजे जिथं शुल्क भरायची जबाबदारी सरकारवर असते तिथं. आता गंमत बघा, महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात खरेदीखताचं शुल्क घेणाऱ्यानं भरायचं असतं. म्हणजे समजा उद्या म्हाडाला पूर्ण माफी दिली तरी घेणारे तुम्हीच, भरणार तुम्हीच. म्हाडाचं नाव दस्तात आहे म्हणून एक रुपया कमी होत नाही.

कोल्हापूर शहरात ५ टक्के मुद्रांक आणि १ टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार असे ६ टक्के धरून चाला, वर नोंदणी फी १ टक्का पण ३० हजारांच्या वर नाही. महापालिका हद्दीच्या बाहेर पाचगाव, उचगावकडं गेलात तर दर वेगळा पडतो, तिथं ग्रामपंचायत.

ह्यात तीन ठिकाणी पैसे वाचू शकतात.

पहिली, पंतप्रधान आवास योजनेतलं आर्थिक दुर्बल किंवा अल्प उत्पन्न गटातलं घर असेल तर पहिल्या विक्रीच्या दस्ताला मुद्रांक फक्त १,००० रुपये. सहा टक्क्यांऐवजी हजार रुपये, एवढा फरक. अट अशी की घर त्या योजनेखालीच मंजूर झालेलं पाहिजे. म्हाडाच्या एकाच जाहिरातीत आवास योजनेतली घरं आणि म्हाडाची नेहमीची घरं शेजारी शेजारी असतात, त्यामुळं तुमच्या संकेत क्रमांकापुढं योजनेचं नाव काय आहे ते बघा आणि दुय्यम निबंधकाकडं जाताना योजनेचा उल्लेख असलेलं पत्र बरोबर ठेवा, नाहीतर टेबलावरचा माणूस नेहमीचाच दर लावणार आणि त्याचं काही चुकलं असं पण म्हणता येणार नाही.

दुसरी, बाईच्या नावावर घर. १ एप्रिल २०२१ पासून राहत्या घराचा दस्त बाईच्या नावावर केला तर १ टक्का कमी. आधी अट होती की पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ती २०२३ मध्ये काढली. पण दस्तात घेणाऱ्या म्हणून फक्त महिला पाहिजेत, नवरा-बायको जोडनाव केलं की सवलत गेली. सासू-सून दोघींच्या नावावर चालतं. आता समजा २४ लाखांचं घर आहे, ६ टक्क्यांनी १ लाख ४४ हजार, ५ टक्क्यांनी १ लाख २० हजार, चोवीस हजार वाचले. पण बँकेचं कर्ज नवऱ्याच्या पगारावर आहे आणि आयकरात व्याजाची वजावट त्यालाच पाहिजे, तर तो मालकच नसेल तर वजावट कशी मागणार? म्हणून आधी दोन्हीचा हिशेब करायचा आणि मग नाव ठरवायचं. दस्त झाल्यावर नाव वाढवायचं म्हणजे परत दस्त आला. अर्थात म्हाडाच्या सोडतीत ज्याच्या नावावर अर्ज त्याच्याच नावावर घर, त्यामुळं हा विचार अर्ज भरतानाच करायला लागतो, लोक नंबर लागल्यावर करतात.

तिसरी, रेडीरेकनर, म्हणजे जागेच्या किमतीचा सरकारी तक्ता. खासगी व्यवहारात रेडीरेकनरची किंमत आणि दस्तातली किंमत ह्यात जी जास्त तिच्यावर शुल्क. पण सरकारी, निमसरकारी संस्थेनं आधीच ठरवलेल्या किमतीला घर दिलं असेल तर बाजारमूल्य ठरवण्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणं तीच किंमत बाजारमूल्य मानायची. म्हाडाचं घर रेडीरेकनरपेक्षा स्वस्त असलं तरी म्हाडाच्याच किमतीवर शुल्क. कुणी वरची किंमत काढून दाखवली तर हा नियम पुढं करा. ह्याचा आयकरातही फायदा आहे, कारण मुद्रांकाच्या किमतीपेक्षा बरंच स्वस्तात घर मिळालं तर तो फरक घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात, इथं दोन्ही किमती एकच असल्यानं तो प्रश्न उठतच नाही.

सही झाल्यापासून ४ महिन्यांत नोंदणी करायची, मृत्युपत्रासारखे अपवाद सोडले तर हे सगळ्या दस्तांना लागू आहे.

घरफाळा, मुख्य दुखणं

आपल्याकडं महापालिका १५ डिसेंबर १९७२ ला झाली आणि तिला लागू असलेला कायदा म्हणजे १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. मुंबईचा कायदा वेगळा आहे, १८८८ चा. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांची माफी २०२२ मध्ये आली ती मुंबईच्या कायद्यात बदल करून, ती मुंबईपुरतीच. कोल्हापूरला लागू व्हायची तर आपल्या कायद्यात बदल पाहिजे. व्हॉट्सॲपवर दरवर्षी फिरणारी ती जुनी बातमी घेऊन घरफाळा विभागात जाऊ नका, तिथले लोक वैतागलेत.

माफीचं कलम आपल्या कायद्यात १३२ आहे. त्यात पूजेच्या जागा, सार्वजनिक धर्मादाय कामासाठीच वापरात असलेल्या इमारती, आणि सरकारच्या मालकीच्या, सार्वजनिक कामासाठी वापरात असलेल्या, नफ्यासाठी नसलेल्या इमारती-जमिनी येतात. शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातीच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली, तसल्या वसतिगृहांचा युक्तिवाद ह्या कलमाखाली बसतो. म्हाडाचा विकलेला फ्लॅट कशात बसतो? कशातच नाही. तो तुमच्या राहण्यासाठी आहे, सार्वजनिक कामासाठी नाही.

त्यातही १३२ मधली माफी फक्त सर्वसाधारण कराची आहे. घरफाळ्याचं बिल उलगडून बघा, त्यात बऱ्याच ओळी असतात, सर्वसाधारण कर, पाण्याचा, मलनिस्सारणाचा, अग्निशमन, वृक्ष कर, आणि राज्य सरकारचा शिक्षण कर, दुकानगाळा असेल तर रोजगार हमी कर पण. माफी मिळालेल्या संस्थेला सुद्धा बाकीच्या ओळी भरायला लागतात. "आम्ही ट्रस्ट आहोत, बिल शून्य करा" असं म्हणत येणाऱ्यांना हे कुणीतरी आधी सांगायला पाहिजे.

अजून एक कलम १३९. जागा थेट सरकारकडनं किंवा महापालिकेकडनं घेतलेली असेल तर कर प्रत्यक्ष राहणाऱ्याकडनं वसूल करायचा असं त्यात आहे. म्हणजे मालक खुद्द सरकार असलं तरी राहणारा सुटत नाही, मग म्हाडाच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरची सोसायटी कुठनं सुटणार.

आता करायचं काय ते क्रमानं सांगतो.

ताबा घ्यायच्या आधी म्हाडाच्या मिळकत व्यवस्थापकाकडं लेखी विचारा की ताब्याच्या तारखेपर्यंतचा घरफाळा कुणी भरलाय. ताब्याच्या आधीचा म्हाडाचा, नंतरचा तुमचा, एवढं सरळ आहे, पण थकबाकी राहिली तर ती माणसाला नाही, मिळकतीला चिकटते, कलम १४१ प्रमाणं मालमत्ता कराचा पहिला बोजा त्या मिळकतीवरच असतो. उद्या तुम्ही कर्ज काढायला गेलात की बँक ना-देय दाखला मागणार आणि मागच्या पाच वर्षांचं म्हाडाचं देणं तुमच्या गळ्यात. थकबाकीला महिन्याला २ टक्के दंड, म्हणजे वर्षाला २४, एवढं व्याज तर सावकार पण लाजून घेईल.

मग ताबा पत्र, नोंदवलेला दस्त, ओळखपत्र आणि जुनं बिल घेऊन तुमच्या विभागीय कार्यालयात जायचं. गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि छत्रपती ताराराणी मार्केट अशी चार आहेत, तुमचा वॉर्ड कुठल्यात येतो ते बिलावर असतं. नाव नोंद करून घ्यायची आणि त्याच वेळी वापर "निवासी, स्वतः राहतो" असा लागलाय का ते तपासायचं. हे तपासणं म्हणजे निम्मं काम आहे. म्हाडाच्या नावावर असताना कधीकधी सगळी इमारत एकाच रकान्यात टाकलेली असते किंवा वापर भाडेकरू म्हणून लागलेला असतो, आणि भाड्याच्या जागेचा कर स्वतःच्या राहण्यापेक्षा जास्त बसतो. करमाफी करमाफी म्हणून लोक वर्षानुवर्षं अर्ज करत राहतात आणि खरा फरक ह्या एका शब्दात असतो. क्षेत्रफळ पण बघा, कार्पेट आणि बिल्टअपची (भिंतींसकट क्षेत्रफळाची) अदलाबदल झालेली असते.

आता खऱ्या सवलती. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा ह्यांना राज्यात एका घराचा मालमत्ता कर माफ आहे, २०२० मध्ये बाळासाहेब ठाकरे ह्यांच्या नावानं ही योजना आली. आपल्या जिल्ह्यात तर शिरोळ तालुक्यात गावाचं नावच सैनिक टाकळी आहे, घराघरात फौजी, तरी शहरात राहायला आलेले कित्येक जण ही सवलत घेत नाहीत कारण कुणी सांगितलेलंच नसतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला काढायचा, अर्जाला जोडायचा, महापालिकेची पोच घ्यायची. म्हाडाचं घर असलं तरी चालतं, माफी माणसाला आहे.

दुसरी, वर्षाच्या सुरुवातीला एकरकमी भरला तर महापालिका बिलात सूट देते, टक्केवारी त्या वर्षीच्या बिलावर बघा. तिसरी, थकबाकीच्या दंडात सवलत देणारी योजना अधनंमधनं काढतात, पण तिची वाट बघत बसायचं का? मला विचाराल तर नाही. बेभरवशाच्या योजनेसाठी वर्षाला २४ टक्के चढवत बसणं हा हिशेब मला तरी कधी जमलेला नाही.

आयकर: तुमचा स्वतःचा

इथं आधी एक प्रश्न. तुमचं उत्पन्न किती? कारण आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून आयकराच्या नव्या पद्धतीत (दर कमी, वजावटी फारशा नाहीत) १२ लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असलं तरी रिबेटमुळं, म्हणजे करातच मिळणाऱ्या सुटीमुळं, कर शून्य, पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत. म्हाडाच्या अल्प गटात घर मिळालेला माणूस बहुतेक ह्याच्या आतच असतो. त्याला गृहकर्जाच्या वजावटीचं कौतुक करत बसायची गरजच नाही, शून्यातनं काय वजा करणार.

जुन्या पद्धतीत असाल तर व्याजाचे २ लाखांपर्यंत, मुद्दल ८०सी ह्या वजावटीच्या कलमात दीड लाखाच्या आत, मुद्रांक आणि नोंदणी फी पण त्याच दीड लाखात, ज्या वर्षी भरली त्याच वर्षी. आणि इथं गृहनिर्माण मंडळाच्या घराला एक खास गोष्ट आहे जी खासगी बिल्डरच्या घराला नाही. तुम्ही बँकेचं कर्ज न काढता थेट मंडळाला हप्त्यानं किंमत भरत असाल तर ते हप्ते पण ८०सी मध्ये धरतात, कायद्यात विकास प्राधिकरण आणि गृहनिर्माण मंडळ असा स्पष्ट उल्लेख आहे. पावत्या जपा. पण ताबा मिळाला ते आर्थिक वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत घर विकलं तर त्या घरापोटी आधी घेतलेली ८०सी ची सगळी वजावट त्या वर्षीच्या उत्पन्नात परत येते.

घर भाड्यानं दिलंय? म्हाडाची परवानगी वगैरे ते तुमचं तुम्ही बघा, पण आयकरात भाड्यातनं भरलेला घरफाळा वजा होतो आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट, नव्या पद्धतीत सुद्धा. भरलेला म्हणजे त्या वर्षात खरोखर भरलेला, नुसतं बिल आलेलं नाही.

शिवाजी पेठेतलं वडिलोपार्जित घर विकून म्हाडाचा फ्लॅट घेणाऱ्यांसाठी: जुन्या घराच्या विक्रीतला नफा नव्या घरात घातला तर त्यावरचा कर माफ करणाऱ्या कलम ५४ मध्ये तयार घर घ्यायला २ वर्षं आणि बांधायला ३ वर्षं मिळतात. प्राधिकरणाच्या स्वयंअर्थसाहाय्य योजनेत (घेणाऱ्यांच्या हप्त्यांतनं बांधकाम होतं ती) घर वाटप झालं असेल तर ते "बांधकाम" धरायचं असं आयकर खात्याचं १९८६ चं परिपत्रक ४७१ दिल्लीच्या विकास प्राधिकरणासाठी निघालं आणि १९९३ च्या ६७२ नं ते तशाच योजना असलेल्या इतर संस्थांना आणि सहकारी सोसायट्यांना लावलं. म्हणजे अशा योजनेत ३ वर्षं मिळतात, आणि बांधकाम रेंगाळलं तर हे एक वर्ष फार मोलाचं असतं. रिटर्नच्या मुदतीपर्यंत वापरले गेले नाहीत ते पैसे बँकेतल्या कॅपिटल गेन खात्यात (ह्याच कामासाठीच्या खास खात्यात) टाकायचे, साध्या बचत खात्यात नाही.

सेक्रेटरींसाठी थोडं

म्हाडाच्या वसाहतीची सोसायटी झाली की सेक्रेटरीला वाटतं आपण ना नफा, आपल्याला कर कसला. सभासदांकडनं घेतलेली देखभाल, हस्तांतर फी, बिनभोगवटा शुल्क (सभासद स्वतः राहत नसेल तर लागणारं) ह्याला कर नाही, आपल्याच लोकांनी आपल्याच खिशातनं दिलेले पैसे म्हणून, आणि व्यंकटेश प्रिमायसेसच्या निकालात सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये ते पक्कं केलंय. पण बाहेरून आलेला पैसा, म्हणजे गच्चीवरचा मोबाईल टॉवर, बँकेचं व्याज, त्याला कर आहे. आपल्याकडं सोसायटीच्या ठेवी बहुतेक सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत असतात, तिथलं व्याज सहकारी संस्थांसाठीच्या ८०पी(२)(डी) कलमाखाली वजा मागता येतं. पतसंस्थेच्या व्याजावर भांडण नाही, सहकारी बँकेच्या व्याजावर अधिकारी कधीकधी अडवतात पण बरेच निकाल सोसायट्यांच्या बाजूचे आहेत. राष्ट्रीयीकृत बँकेत ठेव असेल तर ही वजावट नाहीच, फार तर इतर उत्पन्नाची ५० हजारांची मिळते. आणि ह्या सगळ्याची चावी एकच, रिटर्न मुदतीत भरलं पाहिजे. उशिरा भरलं की ८०पी गेलं.

जीएसटीचं टेन्शन लहान सोसायटीनं घेऊ नये. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत किंवा सभासदाला महिन्याला साडेसात हजारांच्या आत देखभाल असेल तर विषय नाही, आणि म्हाडाच्या वसाहतीत एवढी देखभाल लावली तर पुढच्या सभेत सेक्रेटरी बदलेल.

कलमांचे नंबर आणि अपील

वर आयकराची जी कलमं दिलीत ती १९६१ च्या कायद्याची. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू, तिथं सगळे नंबर बदललेत, तरतुदी बहुतेक त्याच. २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न जुन्याच नंबरांनी, त्यापुढचं नव्या. जुनी नोटीस आली तर तिच्यावर जुनंच कलम असणार, घाबरू नका.

घरफाळ्याची आकारणी चुकीची वाटली तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत टाकायची, सुनावणीला जायचं, निकालाची प्रत मागून घ्यायची. तिथं जमलं नाही तर कलम ४०६ खाली कोर्टात अपील, मुदत फक्त १५ दिवस आणि वादातली रक्कम आधी भरायला लागते. हे पंधरा दिवस लोक "साहेबांशी बोलणं चालू आहे" म्हणत घालवतात. नंतर म्हणतात हायकोर्टात जातो. जावा की, आता तर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच सीपीआर रुग्णालयासमोर बसतंय, मुंबईची गाडी धरायला लागत नाही, पण तिथं गेल्यावर पहिला प्रश्न हाच येणार की खाली अपिलाची सोय होती, ते का केलं नाही. म्हणून निकालाची प्रत ज्या दिवशी हातात पडली ती तारीख प्रतीवरच पेनानं लिहून, पोच घेऊन ठेवा, मुदतीचा हिशेब तिथनं सुरू होतो.